हम्बोल्ट खाडीत पवनचक्क्यांचं बंदर: परवानगी नेमकी कोण देतं, आणि आपण कुठे बोलायचं?

डहाणूची लेक (युरेका, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. मी मूळची डहाणूची. २०२१ पासून उत्तर कॅलिफोर्नियात युरेकाला राहते. हम्बोल्ट खाडीच्या काठावरचं हे गाव. कामाला जाताना रोज सामोआचा पूल ओलांडते. पलीकडे वाळूची लांबच लांब पट्टी आहे, तिच्यावर जुन्या लाकूड गिरण्यांचे धक्के पडून आहेत. त्याच जागेवर, सुमारे १८० एकरांत, समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्या जोडायचं बंदर करायचं चाललंय. एकेक चक्की हजार फुटांपर्यंत उंच असेल म्हणतात.

जून २०२३ मध्ये बंदर जिल्ह्यानं (खाडी आणि बंदर सांभाळणारी इथली सरकारी संस्था) पर्यावरण अहवालाची पहिली सूचना काढली तेव्हा मी सभेला गेले होते. मागच्या रांगेत बसले आणि काही न बोलता परत आले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं या कामाला ४२.६७ कोटी डॉलर मंजूर केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेच अनुदान मागे घेतलं. आता कुणी म्हणतं विषय संपला, कुणी म्हणतं परवानग्यांचं काम चालूच राहणार.

माझे शेजारी खेकड्याचे मच्छीमार. त्यांची होडी वुडली बेटावर लागते. त्यांना या बंदराच्या काळजीनं झोप नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घराची कशी वाताहत झाली ते त्या सांगतात, त्यांना बंदर हवंय. मला स्वतःला पवनचक्क्या हव्यात, अगदी मनापासून. पण खाडी मारून नकोत.

लहानपणी बाबांचं बोट धरून वाढवण बंदराविरुद्धच्या सभांना गेलेय. तिथे निदान कुणापुढे ओरडायचं ते ठाऊक होतं. इथे कार्यालयांची नावंच इतकी आहेत की डोकं चालत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. निर्णय नक्की कुणाच्या हातात असतो? आणि माझ्यासारख्या बाईनं लिहिलेल्या पानभर पत्रानं काही फरक पडतो का? या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

जुना नकाशेवाला (लाँग बीच)

ताई, मी मालवणचा. कॅलिफोर्नियात सव्वीस वर्षं किनारी परवानग्यांचे अर्ज तयार केले, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणं तुमच्यावर अन्याय होईल, म्हणून लांब लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. समुद्रातलं पवनक्षेत्र वेगळं आणि हे बंदर वेगळं. पवनक्षेत्र तुमच्या किनाऱ्यापासून वीस मैलांहून लांब, केंद्राच्या हद्दीत. डिसेंबर २०२२ च्या लिलावात कॅलिफोर्नियाच्या समुद्राचे पाच पट्टे ७५.७१ कोटी डॉलरना गेले, त्यातले दोन हम्बोल्टसमोरचे. तिथे पाणी ५०० मीटरहून खोल, त्यामुळे तळात खांब रोवता येत नाही, चक्की तरंगतीच लागते. आणि तरंगती चक्की धक्क्यावर उभी जोडून, उभीच ओढून न्यावी लागते. तुमची खाडी निवडण्यामागचं मोठं कारण हेच. धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत डोक्यावर एकही पूल नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जायचं तर गोल्डन गेटखालून जावं लागतं, तिथे हजार फुटांचं काही जात नाही.

अनुदान गेलं म्हणजे पैसा गेला. परवानगीची फाइल त्यानं बंद होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या मतदारांनी हवामान कर्जरोखे मंजूर केले, त्यात अशा बंदरांसाठी ४७.५ कोटी डॉलर ठेवलेत, ते राज्यभराच्या बंदरांत वाटायचे आहेत. राज्याचं २०४५ पर्यंत २५ गिगावॅट समुद्री पवनऊर्जेचं लक्ष्यही कागदावर कायम आहे. तेव्हा वेग मंदावेल, पण कागद हलत राहतील. माझ्या मते खाडीची काळजी असलेल्यांना हा मंदावलेला काळ फार मोलाचा आहे. घाईत झालेल्या कामात पर्यायांचा विचार सगळ्यात आधी गळतो.

आता निर्णय कुणाचा. तुम्ही डहाणूच्या, भरती-ओहोटी तुम्हाला शिकवायला नको. इथला किनाऱ्याचा कायदा भरतीच्या रेषेवर उभा आहे. १९७६ च्या कोस्टल अॅक्टप्रमाणे काउंटी, म्हणजे स्थानिक प्रशासन, आपला किनारी आराखडा करते, कोस्टल कमिशन, म्हणजे राज्याचा किनारा आयोग, तो प्रमाणित करतं, आणि मग कोरड्या जमिनीवरचे परवाने काउंटी देते. पण भरतीच्या सरासरी रेषेखालची जमीन, म्हणजे खाजण, चिखल, पाण्याखालचा तळ, ही कमिशनच्याच हातात राहते. ती काउंटीकडे कधीच जात नाही. आणि यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एखादी जागा आज कोरडी ठणठणीत दिसते, तिच्यावर ट्रक उभे असतात, पण शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात तिथे खाजण असेल, तर भराव घालून ती काउंटीची होत नाही. कमिशनचा अधिकार तिथेही राहू शकतो. माझं अर्धं आयुष्य जुन्या नकाशांवर या रेषा शोधण्यात गेलं, म्हणून हे नाव घेतलंय.

तुमच्या खाडीबाबत आणखी एक महत्त्वाची गोष्ट. लॉस एंजेलिस, लाँग बीच, सॅन डिएगो आणि वायनिमी या चार बंदरांना कायद्यात वेगळं प्रकरण आहे. त्यांचा बंदर आराखडा एकदा प्रमाणित झाला की बरेचसे परवाने बंदर स्वतःच देतं. इथे लाँग बीचला ४०० एकर नवा भराव घालून असंच पवन बंदर करायचा प्रस्ताव आहे, त्याची वाट या प्रकरणातून जाते. हम्बोल्ट त्या चारांत नाही. तुमच्याकडचा धक्का, गाळ उपसणं, भराव, हे सगळं कमिशनच्या बारा मतदार सदस्यांपुढे खुल्या बैठकीत येणार. त्यामुळे तुमच्या शब्दाला लाँग बीचकरांपेक्षा जास्त जागा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

याशिवाय गाळ आणि भरावासाठी आर्मी कोअरचा, म्हणजे केंद्राच्या लष्करी अभियंता विभागाचा परवाना लागतो, पाण्याच्या गुणवत्तेसाठी नॉर्थ कोस्टच्या पाणी मंडळाचा दाखला लागतो, मासे आणि पक्ष्यांसाठी केंद्राची नि राज्याची खाती येतात. पण राज्याच्या कचेऱ्यांच्या खाली एकच पाया असतो, तो म्हणजे पर्यावरण अहवाल, ईआयआर. तो बंदर जिल्हा करतो. राज्याची पुढची जवळजवळ प्रत्येक कचेरी त्याच अहवालावर उभी राहून निर्णय घेते. पायातच एखादी गोष्ट नसेल तर वरच्या मजल्यावर ती आणणं फार कठीण.

म्हणून तुमच्या पत्राची जागा तिथे आहे. मसुदा बाहेर आला की लोकांना साधारण ४५ दिवस मिळतात. पर्यावरणाविषयीच्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात लेखी उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढे कुणी कोर्टात गेलंच, तर प्रकल्प मंजूर होण्याआधी मांडलेले मुद्देच धरले जातात. सभेत तीन मिनिटं बोलून जे होत नाही ते पानभर नेमक्या पत्रानं होतं. 'माझा विरोध आहे' किंवा 'माझा पाठिंबा आहे' असं लिहिलंत तर 'नोंद घेतली' एवढं उत्तर येईल. 'अमुक पानावर गाळाचं परीक्षण अमुक खोलीपर्यंतच केलंय, पण उपसा त्याहून खोल आहे, मग खालच्या थराचं काय?' असं लिहिलंत की अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला मान खाली घालून काम करावं लागतं. मी त्या टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. अशी पत्रं आम्ही वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचो.

कोस्टल अॅक्टमधलं कलम ३०२३३ वाचाच, दीड पानाचं आहे. खाडीत भराव किंवा उपसा बंदरासाठी चालतो, पण दोन अटींवर. कमी नुकसानीचा शक्य पर्याय नसला पाहिजे, आणि जे नुकसान होईल त्याची भरपाई झाली पाहिजे. सगळी लढाई या दोन अटींत असते.

भरपाईचंच घ्या. तुमच्या खाडीत ईलग्रास आहे, पाण्याखालचं गवत. कॅलिफोर्नियातल्या या गवताचा फार मोठा वाटा एकट्या हम्बोल्ट खाडीत आहे. वसंतात उत्तरेकडे जाणारे ब्रँट हंस याच गवतावर चरायला थांबतात. केंद्राच्या मत्स्यखात्याचं २०१४ चं धोरण सांगतं की शेवटी हातात राहणारं गवत गमावलेल्याच्या १.२ पट तरी हवं. पण उत्तर कॅलिफोर्नियात सुरुवातीला लावायचं ते ४.८२ पट. का? कारण तिकडे लावलेलं बहुतेक जगत नाही, हे अनुभवानं दिसलंय. दक्षिणेत हाच आकडा १.३८ आहे. म्हणजे एक एकर गेलं तर जवळपास पाच एकर योग्य खोलीची, योग्य उजेडाची जागा शोधायची, आणि खाडीत अशी रिकामी जागा कुठे आहे? जिथे योग्य आहे तिथे गवत आधीच उगवलेलं असतं. हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे: भरपाईची जागा नकाशावर दाखवा.

एकदा एका बंदराच्या कामात आम्ही गवताची पाहणी डिसेंबरात उरकली होती. मुदत पाळायची घाई. उत्तरेत ती मे ते सप्टेंबरमध्ये, गवत वाढीला असताना करायची असते. मला ते माहीत होतं, तरी मी अहवालावर सही केली. एका नागरिकाच्या पत्रात तेवढा एकच मुद्दा होता, पाहणीचा महिना. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहणी झाली आणि गवत आधीच्या नकाशापेक्षा कितीतरी जास्त निघालं. धक्क्याची जागा सरकवावी लागली. त्या पत्राचे उपकार मी मानतो.

दुसरा प्रश्न पाण्याच्या पातळीचा. सगळीकडे समुद्र चढतोय, तुमच्याकडे त्याच वेळी भूगर्भातल्या हालचालींनी जमीनही खचतेय. त्यामुळे किनाऱ्याच्या सापेक्ष पाणी चढण्याचा वेग हम्बोल्ट खाडीत राज्यात सगळ्यात जास्त आहे. धक्का उंच बांधतील, त्याची काळजी नको. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काय, ते विचारा. समोर कॅस्केडियाची भूकंपरेषा आहे, २६ जानेवारी १७०० ला तिनं शेवटचा मोठा तडाखा दिला. शेकडो कामगार वाळूच्या त्या पट्टीवर असताना त्सुनामीचा इशारा आला तर माणसं कुठे जाणार, हाही परवानगीचाच प्रश्न आहे.

बाकी विचारा, मी आहे.

सातपाटीकर

ताई, वाढवणचं नाव आलं म्हणून लिहितो. आमची चौथी पिढी दर्यावर. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं बंदराला नाही म्हटलं, ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं हो म्हटलं. मधल्या काळात कायदा बदलला नाही एवढा कागद बदलला. जनसुनावणीत आमची माणसं जीव तोडून बोलली. पण अहवालात आमच्या मासेमारीचं चित्र काय होतं? बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे. कवी (समुद्रात खुंट रोवून केलेल्या मासेमारीच्या जागा) कुठे लागतात, डोल जाळं कुठे बसतं, पापलेट कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात असतं, हे कुठल्याच नकाशात नव्हतं. जे नकाशात नाही त्याची भरपाईही नाही.

तुमच्या खेकडेवाल्या शेजाऱ्यांना माझा निरोप द्या. सापळे कुठे, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर लावतात ते स्वतःच्या हातानं नकाशावर काढा, तारखा घाला, इतर दहा होड्यांचं जमवा आणि अहवालात घालायला लावा. आमच्याकडे हे उशिरा सुचलं. एक सांगतो, आम्हीही सगळं उघड केलं तर जागा दुसऱ्यांना कळते या भीतीनं गप्प बसलो होतो. त्यावर उपाय म्हणजे नेमके बिंदू न देता मोठे चौकोन द्यायचे.

डहाणूची लेक

दोघांचेही खूप आभार. दादा, तुमचा निरोप काल संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून जुनी वही घेऊन आले, १९८० च्या दशकापासूनची. चौकोनांची कल्पना त्यांना पटली.

नकाशेवाले काका, त्यांचा एक प्रश्न आहे. एवढ्या अजस्र चक्क्या खाडीतून बाहेर ओढून नेणार, तर बाहेर सापळ्यांच्या दोऱ्या तुटणारच ना? आणि माझा एक. जोडणी होईपर्यंत ते तरंगते पाये ठेवणार कुठे? शिवाय इथल्या मूळच्या वियॉट आदिवासी लोकांबद्दल कुणीच फार बोलत नाही.

जुना नकाशेवाला

काकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पश्चिम किनाऱ्यावर खेकडेवाले आणि टगवाले (ओढनौका चालवणारे) यांच्यात दशकानुदशकं एक करार चालत आलाय, वॉशिंग्टन सी ग्रँट ही विद्यापीठाशी जोडलेली संस्था त्यात मध्यस्थी करते. टग कुठल्या वाटेनं जाणार ते नकाशावर ठरतं आणि त्या वाटेत सापळे लावत नाहीत. कुठल्याही कायद्याच्या जोरावर हे चालत नाही, दोन्ही बाजूंना सोयीचं आहे म्हणून चालतं. पवनचक्क्यांची वाट त्यात आधीच बसवा, खेकड्याच्या हंगामात ओढणी किती दिवस ते लिहून द्या, अशी मागणी काकांनी करावी. ही मागणी कुणाला उडवून लावता येणार नाही.

तुमचा प्रश्न फार नेमका आहे. याला पाण्यातली साठवण म्हणतात. एकेक पाया फुटबॉलच्या मैदानाएवढा होऊ शकतो. असे अनेक पाये महिनोन्महिने नांगरून ठेवले तर खाली सावली पडते, आणि सावलीत ईलग्रास मरतं. धक्क्याच्या भरावाचे एकर मोजले जातात, सावलीचे एकर मोजायला मागावं लागतं. किती पाये, कुठे, किती दिवस, हे प्रकल्पाच्या वर्णनातच हवं. 'नंतर ठरवू' असं उत्तर आलं तर तेही लिहून ठेवा, अर्धवट प्रकल्पवर्णन हा अहवालातला गंभीर दोष मानला जातो. गाळाचंही असंच. तुमच्या खाडीनं दीडशे वर्षांत खाऱ्या दलदलीचे दहापैकी नऊ हिस्से बांध घालून गमावलेत. उपसलेला गाळ स्वच्छ निघाला तर तो खोल समुद्रात टाकण्याऐवजी ती दलदल उंचवायला वापरता येईल का, हे विचारा. गिरण्यांच्या आसपासचा गाळ मात्र तपासल्याशिवाय कुठेही जाऊ देऊ नका.

वियॉट लोकांबद्दल तुम्ही विचारलंत याचं बरं वाटलं. ही खाडी त्यांची, त्यांच्या भाषेत तिचं नाव विगी. १८६० मध्ये तुलुवाट बेटावर त्यांची कत्तल झाली, आणि २०१९ मध्ये युरेका शहरानं त्या बेटाचा आपल्या मालकीचा उरलेला भाग त्यांना परत केला. ते बेट तुमच्या रोजच्या पुलाखाली आहे. राज्याच्या कायद्यानं अहवाल करणाऱ्याला आदिवासी राष्ट्रांशी वेगळा सल्लामसलतीचा मार्ग ठेवावा लागतो, तो जनसुनावणीपेक्षा निराळा असतो. तिथे त्यांच्या वतीनं आपण बोलायचं नाही. पण एक गोष्ट आपण आपल्या पत्रात लिहू शकतो. बाहेरून शेकडो पुरुष कामगार आले की आदिवासी बायका-मुलींवरचे अत्याचार वाढतात, ही भीती तिकडच्या समाजांनी वारंवार मांडली आहे. कामगारांची राहण्याची सोय कुठे, हा मुद्दा वाहतुकीच्या प्रकरणात पुरला जाऊ देऊ नका.

चेन्नईस्थित

मी पवनऊर्जेत काम करतो, थोडं इकडचं सांगतो. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजनाही. गुजरात आणि तमिळनाडूसमोर ५००-५०० मेगावॅट, आणि त्यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. आपल्याकडे समुद्र उथळ आहे, पाया तळात रोवता येईल, म्हणून धक्क्यावर उभी चक्की जोडायची गरज नाही. पण जड सामान पेलणारी जमीन, पाती ठेवायला मोकळं मैदान, गाळउपसा, हे सगळं तसंच लागणार. म्हणून नकाशेवाले काका, तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या टीमला मराठीतून वाचून दाखवलं आणि इंग्रजीत समजावलं. आमच्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अर्जात 'पाण्यातली साठवण' आणि 'प्रवेशरस्त्याची पातळी' असे रकानेच नव्हते. मी ते घालतोय.

जुना नकाशेवाला

डहाणूच्या ताई, एक राहिलं. डिसेंबर-जानेवारीत वर्षातली सगळ्यात मोठी उधाणाची भरती येते, इथे तिला किंग टाइड म्हणतात. कोस्टल कमिशन दरवर्षी लोकांना त्या दिवशी फोटो काढून पाठवायला सांगतं. सामोआकडे जाणाऱ्या रस्त्यावर जा. फोटोत एखादा खांब किंवा पाटी येऊ द्या म्हणजे पाण्याची उंची कळते, आणि वेळ लिहा. माझ्या एका प्रकल्पात एका शाळामास्तरांनी असे सहा फोटो जोडले होते. आमच्या गणितात तो रस्ता २०५० पर्यंत कोरडा होता. त्यांच्या फोटोत त्याच वर्षी तो पाण्याखाली होता.

डहाणूची लेक

भरतीचं कोष्टक काढलं. काका, म्हणजे शेजारचे काका, त्या सकाळी होडी काढणार नाहीत, माझ्यासोबत येणार आहेत. त्यांच्याकडे फूटपट्टीच्या खुणा केलेला एक बांबू आहे, तो रस्त्याकडेला रोवू. गिरणीवाल्या बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, बंदर झालं तर माझा मुलगा त्याच रस्त्यानं कामाला जाणार, मी पण येते. फोटो इथे टाकेन.